चेनसॉच्या इंजिनाची ताकद वाढवायची तर: 70 सीसी मशीनवर टप्प्याटप्प्याने करायचं काम

चेनसॉला दम नाही अशी तक्रार असेल तर आधी चेन बघा. बोथट चेन, झिजून वाकडा झालेला बार आणि भुशाने तुंबलेला एअर फिल्टर मिळून जेवढी ताकद खातात, तेवढी सिलिंडर कोरूनही परत मिळेल याची खात्री नाही. चेनचे दात एका लांबीचे आणि एका कोनात लावा, बारच्या कडा कानशीने सरळ करा, फिल्टर धुवा. मग 30 सेंटिमीटर जाडीच्या एकाच ओंडक्यावर तीन काप घ्या आणि स्टॉपवॉचने वेळ लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर याच ओंडक्यावर याच चेनने मोजायचं आहे. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते, घड्याळाला तसं वाटत नाही.

इथले आकडे हुस्क्वार्ना 372 एक्सपीचे धरले आहेत, तेही जुन्या, एक्स-टॉर्क नसलेल्या मॉडेलचे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 36 मिमी, 70.7 सीसी, कंपनीची ताकद 3.9 किलोवॅट. एक्स-टॉर्कमध्ये पिस्टनला हवेच्या खिडक्या असतात आणि ट्रान्सफरमध्ये (क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, सिलिंडरमध्ये मिश्रण नेणाऱ्या वाटांत) आधी कोरी हवा भरली जाते, त्यामुळे खाली दिलेले पोर्टचे (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांचे) उघडण्या-मिटण्याचे अंश तिथे जसेच्या तसे लावू नका. कार्बोरेटर स्वतःच ट्यून होणारी मशीनंही या लेखाबाहेर. जुनी 48 मिमी बोअरची 365 हाताशी असेल तर तिचे पोर्ट कोरत बसण्यापेक्षा 372 चा सिलिंडर-पिस्टन बसवणं स्वस्त आणि खात्रीचं, कारण दोघींचा स्ट्रोक एकच आहे. वॉरंटीतल्या मशीनला मात्र यातलं काहीच करू नका, ती लगेच जाते.

आधी इंजिन निरोगी आहे का ते बघा

इंजिन थंड, थ्रॉटल पूर्ण उघडा, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढणं हलकं करणारा) बंद. कॉम्प्रेशन गेज लावून दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढा. 150 पीएसआयच्या आसपास आकडा आला तर पाया चांगला आहे. 120 च्या खाली असेल तर आधी रिंग, पिस्टन आणि बोअरची चाचणी.

दुसरी तपासणी हवा गळतीची. बहुतेक जण ही टाळतात आणि पिस्टन जाळून घेतात. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर सायकलच्या जाड ट्यूबचा तुकडा ठेवा आणि सायलेन्सर परत आवळा. कार्बोरेटरच्या जागीही तसाच तुकडा लावून तोंड बंद करा. प्लगच्या भोकातून हातपंपाने 0.5 बार दाब द्या, पिस्टन खाली ठेवा म्हणजे दाब ट्रान्सफरमधून क्रँककेसपर्यंत पोचतो. अर्धा मिनिट सुई जागची हलता कामा नये. हलली तर साबणाचं पाणी लावा. सिलिंडरचं बूड, ऑइल सील, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह, कुठे बुडबुडे येतात ते दिसेल. इनटेकच्या रबरी नळीची भेग मात्र अशी दिसत नाही, कारण पिस्टन खाली असताना त्याचा स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) इनटेक झाकतो. तिच्यासाठी पिस्टन वर आणून इम्पल्सच्या (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणाऱ्या) भोकातून दाब द्या.

मग हीच चाचणी उलटी करा, 0.5 बार निर्वात ओढून. सीलचा ओठ आतल्या बाजूला असतो, दाबाखाली तो शाफ्टवर आवळला जातो आणि गळती लपते. निर्वातात तो उचलला जातो. दाबात पास आणि निर्वातात नापास असं सील सर्रास सापडतं. इंजिन चालू असताना तिथून हवा आत शिरते, मिश्रणातलं पेट्रोल पातळ पडतं आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने खरवडला जातो. ताकद वाढवलेल्या इंजिनात हे आणखी लवकर होतं. सील जुनी असतील तर चाचणी पास झाली तरी या निमित्ताने बदलून टाका.

सायलेन्सर

सर्वांत कमी धोक्यात सर्वांत जास्त फरक इथे मिळतो. कारखान्यातून येणाऱ्या सायलेन्सरचं बाहेरचं तोंड आवाज कमी ठेवण्यासाठी लहान असतं आणि जळालेला वायू आतच अडकून राहतो.

किती मोठं करायचं? सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टचं क्षेत्रफळ मोजा, जिथे सायलेन्सर बसतो तिथे. समजा रुंदी 28 मिमी आणि उंची 17 मिमी आली: 476 चौरस मिमी. कोपरे गोल असतात म्हणून एक दशांश वजा करा, उरले साधारण 428. बाहेरच्या सगळ्या तोंडांचं मिळून क्षेत्रफळ याच्या 70 ते 80 टक्के ठेवायचं. 75 टक्के धरले तर 321 होतात आणि 20 मिमी व्यासाचं एक गोल भोक 314 चौरस मिमी देतं. आधीच्या तोंडाचं क्षेत्रफळ यातून वजा करायला विसरू नका. याच्या पलीकडे उघडून पदरात आवाजच पडतो, शिवाय सायलेन्सरमधली परतीची लाट कमजोर होऊन कोरं मिश्रण बाहेर निसटतं.

ठिणगीची जाळी काढू नका. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत वाळलेल्या गवतात किंवा काजूच्या बागेत एक ठिणगी पुरते. जाळीच्या तारा वाट अडवतात, म्हणून जाळीमागचं तोंड हिशेबापेक्षा थोडं मोठं घ्या. नव्या तोंडाची दिशा पुढे आणि बाहेर. क्लच कव्हर, तेलाची टाकी किंवा चालवणाऱ्याच्या हाताकडे झोत गेला तर प्लास्टिक वितळतं आणि हात भाजतो. भोक पाडून झाल्यावर आतला प्रत्येक बुरा आणि कीस काढा. पोर्टमधून तो उलटा सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. कानाला मफ लावल्याशिवाय असं मशीन चालवू नये.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

वायू सहज बाहेर पडू लागला की हवा जास्त आत येते आणि जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं. सायलेन्सर उघडून स्क्रू न फिरवणं ही पिस्टन जाळण्याची हमखास रीत आहे.

आता पंपावर ई20 पेट्रोल मिळतं हेही हिशेबात धरा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. परदेशी लेखात दिलेली स्क्रूची फेरी इथे तशीच लावली तर मिश्रण पातळच येणार. इथेनॉल पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं. मिसळलेलं पेट्रोल महिनाभराच्या आत संपवा आणि मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

टू-स्ट्रोक ऑइल जासो एफडी दर्जाचं, लिटरला 25 मिली, म्हणजे 40 ला 1. ऑइल वाढवलं की तेवढ्या इंधनातलं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रमाण एकदा ठरवा, त्यावर ट्यून करा आणि मग बदलू नका.

ट्यून करताना आधी फिल्टर स्वच्छ, मशीन दोन मिनिटं चालवून गरम. स्क्रूवर फिरणं रोखणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या असतील तर त्या काढाव्या लागतील. एल (खालच्या आरपीएमचा) आणि एच (पूर्ण थ्रॉटलचा) हे पेट्रोलचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करा (जोर दिला तर सुईची जागा बिघडते) आणि प्रत्येकी एक फेरी उघडा. आधी एल: इंजिन आळशी फिरत असताना सर्वांत जोरात कुठे फिरतं ती जागा शोधा आणि तिथून थोडा डावीकडे, म्हणजे पेट्रोल वाढवून ठेवा. ट्रिगर दाबताच इंजिन अडखळून मरत असेल तर एल अजून पातळ आहे. मग तिसऱ्या स्क्रूने आयडल 2,700 आरपीएमजवळ आणा. चेन फिरता कामा नये.

एच कानाने लावायचा. पूर्ण थ्रॉटलवर, चेन हवेत असताना इंजिन फाटक्या, गुरगुरत्या आवाजात चाललं पाहिजे. याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात: पेट्रोल जास्त झाल्यामुळे प्रत्येक फेरीला नीट पेट होत नाही. चेन ओंडक्यात शिरली, इंजिनावर भार आला, की तोच आवाज सलग आणि धारदार होतो. चेन उचलली की परत फाटतो. काप घेताना असा बदल ऐकू येत असेल तर एच बरोबर आहे. हवेतही आवाज सलग, शिट्टीसारखा तीक्ष्ण असेल तर तात्काळ ट्रिगर सोडा आणि स्क्रू आठवा भाग डावीकडे फिरवा. कापतानाही गुरगुर चालू राहिली तर आठवा भाग उजवीकडे. टॅकोमीटर असेल तर 372 ला 13,500 ही कंपनीची मर्यादा. पोर्ट केलेलं इंजिन सहज त्यावर जातं, म्हणून आकडा कमाल म्हणून वापरा, लक्ष्य म्हणून नको. काही मॉडेलांच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये आरपीएम रोखणारा लिमिटर असतो आणि त्याचा खंडित आवाज फोर-स्ट्रोकिंगसारखाच वाटतो. तसं मशीन लिमिटरच्या आवाजावर ट्यून झालं तर प्रत्यक्षात ते पातळ असतं. तिथे एच आधी बराच उघडून आरपीएम मर्यादेच्या खाली आणा आणि वर चढत जा.

महाबळेश्वरला लावलेली सेटिंग रत्नागिरीत चालत नाही. खाली हवा दाट, म्हणून तेच स्क्रू खाली पातळ पडतात. भर दुपारी ट्यून केलेलं मशीन थंडीच्या पहाटे वापरतानाही तीच गोष्ट.

स्क्विश: बुडाच्या पॅकिंगचा अर्धा मिलिमीटर

पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याची कड आणि सिलिंडरच्या छताची कड यांत जी फट राहते ती स्क्विश. ती अरुंद असेल तर मिश्रण मधोमध पिळलं जातं, ज्वलन लवकर आणि नीट होतं. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये बहुधा ती 1 मिमीच्या आसपास असते. 0.5 मिमीवर आणायची, त्याखाली जायचं नाही. जास्त आरपीएमला रॉड किंचित ताणतो, बेअरिंगमध्ये ढिलाई असते, छतावर कार्बन साचतो. पिस्टन छताला लागला तर सगळं संपतं.

मोजायला दीड मिलिमीटर जाडीची मऊ सोल्डर तार घ्या. प्लगच्या भोकातून अशी घाला की तिचं टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकेल, आणि टेकायची जागा पिस्टन पिनच्या रेषेत, डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा. पुढे-मागे मोजलं तर पिस्टन डुलतो आणि खोटा आकडा येतो. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वरून पार करा, तार काढा आणि चपटं झालेलं टोक मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही बाजूंत 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सिलिंडर तिरका बसलाय किंवा खाली घाण आहे.

372 च्या बुडाचं पॅकिंग 0.5 मिमीचं असतं. आकडा 1.0 आला असेल तर ते काढून टाकता येतं, 0.9 असेल तर पातळ पॅकिंग घालून 0.5 राखा. पॅकिंगशिवाय बसवताना दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा आणि लॉकटाइट 518 सारख्या अॅनेरोबिक सीलरचा पातळ थर द्या. ट्रान्सफरच्या तोंडाशी थर जाड झाला तर आत सुटतो, म्हणून तिथे हात आखडता. बोल्ट फुलीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर.

आता इथे एक गोष्ट लागते. सिलिंडर अर्धा मिमी खाली आला की सगळे पोर्टही खाली आले. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर उशिरा उघडतात, लवकर मिटतात. एक्झॉस्टचा कालावधी तीन-साडेतीन अंशांनी घटतो. इनटेकचा त्याच सुमाराने वाढतो. कॉम्प्रेशन वाढल्याने खालच्या आरपीएमला खेच चांगली वाढते, वरच्या टोकाला मशीन थोडं आळसावतं. झाड पाडून तुकडे करणाऱ्याला हा सौदा बरा वाटतो आणि अनेकांनी इथेच थांबावं. गेज आता 175 ते 190 पीएसआय दाखवेल. 200 च्या वर गेलं तर दोरी ओढायला जड, उष्णता जास्त.

पोर्ट

पुढचं काम एका चुकीत सिलिंडर बाद करणारं आहे. आधी भंगारातल्या सिलिंडरवर हात बसवा.

अंश मोजायची तबकडी क्रँकच्या टोकाला लावा. वरचं टोक डोळ्याने ठरवू नका. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा, दोन्ही बाजूंनी फिरवून जिथे अडतं ते दोन आकडे घ्या, त्यांचा मध्य म्हणजे शून्य. पोर्ट कधी उघडतो हे बघायला 0.05 मिमीची फिलर पट्टी पोर्टमध्ये धरा. पिस्टनची कड तिला सोडते तो क्षण नोंदवा.

एक्झॉस्ट वरच्या टोकापासून 100 अंशांवर उघडावा (एकूण कालावधी 160), ट्रान्सफर 118 ते 120 वर. दोघांत 18 ते 20 अंशांचं अंतर राहिलं पाहिजे. एवढ्या वेळात जळालेला वायू बाहेर पडतो आणि ट्रान्सफर उघडताना दाब पुरेसा उतरलेला असतो. अंतर कमी पडलं तर जळालेला वायू क्रँककेसमध्ये घुसतो. इनटेक वरच्या टोकाआधी 75 ते 78 अंशांवर उघडावा आणि तेवढ्याच अंशांनी मिटावा. 80 च्या पलीकडे गेलात तर कार्बोरेटरमधून पेट्रोलचे फवारे उलटे येतात आणि आयडल बिघडतं. नवशिक्याने ट्रान्सफरला हात लावू नये. काटकोनी हँडपीसशिवाय ते नीट होत नाहीत आणि दोन बाजू सारख्या राहिल्या नाहीत तर इंजिन कापताना हुंकारतं पण खेचत नाही.

एक्झॉस्टचं छत वर नेताना एकेक दशांश मिमी. 50 मिमी बोअरला रुंदी 32 मिमीच्या पुढे नको. छत कमानीसारखं ठेवा, सपाट ठेवलं तर रिंग सबंध कडेवर एकदम आदळते. कोपऱ्यापलीकडे स्कर्टने प्रत्येक बाजूला किमान 2 मिमी भिंत झाकली पाहिजे. रिंगची टोकं ज्या रेषेवरून धावतात तिथे पोर्ट कधीच जाऊ नये.

पोर्टचं बूड खाली नेण्याआधी पिस्टन वरच्या टोकाला ठेवून स्कर्टची खालची कड बघा. ती पोर्टच्या बुडाच्या वर गेली तर एक्झॉस्ट थेट क्रँककेसला उघडा पडतो. पॅकिंग काढलेल्या मशीनमध्ये हे अंतर आधीच अर्धा मिमीने घटलेलं असतं.

बोअरला निकलचा पातळ, फार कठीण लेप असतो. कोरताना डायमंड बरने बोअरच्या बाजूने पोर्टच्या आत जा, म्हणजे लेप अॅल्युमिनियमवर दाबला जातो. बाहेरून आत आलात तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. कोरून झाल्यावर सर्व कडांना 0.3 ते 0.5 मिमीची उतरती कड द्या. मग रिंग बोटाने बोअरमधून पोर्टवरून वर-खाली सरकवा. कुठेही किंचितही अडकली, खट्ट लागली, तर ती जागा परत घासा. दहा हजार आरपीएमला तीच जागा रिंग तोडते. रस्ता आतून गुळगुळीत करा, आरशासारखं पॉलिश करण्यात फायदा नाही, इनटेकमध्ये तर किंचित खडबडीत बरं. शेवटी सिलिंडर गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवलं की पांढरंच बाहेर आलं पाहिजे.

इग्निशन

पोर्टिंगनंतर ठिणगी 3 ते 4 अंश आधी आणली तर मधल्या आरपीएमला प्रतिसाद सुधारतो. फ्लायव्हील क्रँकवर फिरण्याच्या दिशेने पुढे सरकवायचं असतं. शाफ्टचा व्यास 10 मिमी असेल तर एक अंश म्हणजे परिघावर 0.087 मिमी, चार अंशांना 0.35. त्यासाठी फ्लायव्हीलला ठरावीक जागी धरणारी चावी (की) घासावी लागते आणि मग फ्लायव्हील फक्त शाफ्टच्या शंकूच्या पकडीवर राहतं, म्हणून शंकू आणि भोक दोन्ही तेलविरहित हवेत आणि नट मॅन्युअलच्या टॉर्कवर. दोरी हातातून हिसका मारू लागली तर अंश जास्त झाले. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये फट 0.3 मिमी, साध्या पोस्टकार्डाच्या जाडीने तपासता येते. प्लग एनजीके बीपीएमआर7ए, फट 0.5 मिमी.

जोडल्यानंतर

गळतीची चाचणी परत करा, दाब आणि निर्वात दोन्ही. पहिल्या तीन-चार टाक्या एच नेहमीपेक्षा थोडा उघडा ठेवून, सलग पूर्ण थ्रॉटल न देता, लहान-मोठ्या लाकडावर चालवा. पहिल्या टाकीनंतर सायलेन्सरचे बोल्ट परत आवळा. उष्णतेने ते हमखास ढिले होतात आणि तिथून निसटणारा झोत जवळच्या प्लास्टिकला पहिला धरतो.

पाचव्या टाकीनंतर सायलेन्सर काढून पोर्टमधून पिस्टन बघा. रिंगच्या खाली उभे ओरखडे नसावेत. डोक्यावर ट्रान्सफरच्या बाजूंनी धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे आणि मधे तपकिरी कार्बन असेल तर मिश्रण ठीक आहे. सगळं डोकं कोरडं, फिक्कट करडं दिसलं तर एच उघडा आणि गळती शोधा.

स्प्रॉकेट 7 दातांचं आहे आणि 3/8 ची चेन असेल तर 10,000 आरपीएमला चेनचा वेग सेकंदाला 22 मीटर असतो, 8 दातांना 25. मऊ लाकडात आणि छोट्या बारवर 8 दात चालतात. बाभूळ किंवा सागात 20 इंची बार बुडवून कापायचं असेल तर 7 वरच राहा, नाहीतर वाढवलेली ताकद क्लच घसरण्यात जाते. चेनचा वेग वाढला की बारचं तेलही जास्त लागतं. पंपाचा स्क्रू उघडा आणि पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा तेलाची टाकी जेमतेम तळाशी आलेली असावी.